गेनू रानडुकराची शारीरिक चाचणी

एका जंगलात, बाळांनो, झाडं पुष्कळ होती, प्राणी पुष्कळ होते आणि खाती तर विचारूच नका. रस्ता मात्र एकच होता.

हा रस्ता गुहांच्या टेकडीवरून निघायचा आणि डोंगराच्या कडेकडेनं खाली तळ्यावर उतरायचा. पाणी प्यायचं तर याच रस्त्यानं जायचं. दुसऱ्या बाजूला कडा होता. कड्यावरूनही तळ्यात पोचता येत असे, पण एकदाच.

आता डोंगरातला रस्ता म्हणजे काय, हे तुम्हाला काय कळणार? तुम्ही फरशीवर रांगलेली पोरं. असा रस्ता रोज मोडतो. पावसाळ्यात वरून दरड येते, खालून माती खचते. पाऊस सरला की घाणेरी माजते, खाजकुयली लोंबायला लागते. उन्हाळ्यात मुरूम तव्यासारखा तापतो. आणि गांधीलमाश्यांना पोळं बांधायला नेमका वळणावरचाच कोपरा आवडतो.

हे सगळं निस्तरायला एक रानडुक्कर होता. त्याचं नाव गेनू.

गेनू वाट-दुरुस्ती खात्यात रोजंदारीवर होता. सकाळी उठायचं, मुसंडी मारून दरडीची माती बाजूला लोटायची, सुळ्यांनी मुळं उपटायची, नाकानं दगड ढकलायचे. पावसात त्याची खुरं कुजायची, उन्हात टाळू तापायची, कुयली लागली की तो दिवसभर सागाच्या बुंध्याला अंग घासत फिरायचा. मजुरी म्हणून काय, तर रस्त्यात जे कंद निघतील ते त्याचे. निघाले नाहीत तर खात्याची काही जबाबदारी नाही.

गेनूची तक्रार नव्हती. तक्रार करायलाही वेळ लागतो.

पण तळ्यापलीकडच्या ओहोळात सकवार नावाची एक रानडुकरीण राहायची. ती रोज या रस्त्यानं मोहाची फुलं वेचायला वर यायची. गेनू तिच्यासाठी वळणावरचे काटे जरा जास्तच मनापासून काढायचा. ती म्हणायची, किती मऊ केलीयस रे वाट. गेनू लाजून जमिनीत नाक खुपसायचा आणि मग नाकाला चिखल लागला म्हणून आणखी लाजायचा. असं करता करता दोघांचं जमलं.

राहिला सकवारचा बाप. हैबतराव त्यांचं नाव. गळ्याशी आयाळ, सुळा एकच, दुसरा कशात तरी गेलेला, पण बोलणं दोन्ही सुळे असल्यासारखं. गेनू मागणी घालायला गेला तेव्हा हैबतरावांनी त्याला आधी वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पोरगा कष्टाळू आहेस, दिसतंय," ते म्हणाले. "पण गेनबा, पर्मनंट आहेस का?"

"नाही मामा. रोजंदारीवर आहे."

"मग मामा म्हणू नकोस अजून."

झालं. बोलणंच संपलं. हैबतराव पुढे पुष्कळ बोलले म्हणा. आमच्या घराण्यात आजवर रोजंदारीवाला जावई नाही, लोक काय म्हणतील, धाकटीचं लग्न कसं जमेल वगैरे. धाकटी अजून पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू होती, पण बापाची काळजी बापाला. सकवार कोपऱ्यात उभी राहून जमीन उकरत होती. तिनं एवढंच सांगितलं की लग्न करीन तर याच्याशी. हैबतराव म्हणाले, करशील की, आधी त्याला पर्मनंट होऊ दे.

म्हणून गेनू खात्याच्या कचेरीत गेला.

कचेरी एका मोठ्या वडाखाली होती. गार सावली, खाली वाळलेल्या पानांचे ढीग. त्या पानांवर खात्याचा सगळा कारभार लिहिलेला असे. खात्याचे मोठे साहेब म्हणजे मोरसाहेब. त्यांना रस्त्याचा फार कळवळा होता. पण उन्हात पिसारा विटतो आणि पावसात जड होतो, म्हणून त्यांनी रस्ता कधी पाहिला नव्हता. त्यांच्या पाण्यासाठी गुहेतच टाकं होतं.

साहेबांच्या हाताखाली एक खवल्या मांजर कारकून होते. त्यांना सगळे खवले भाऊसाहेब म्हणत. नियमांची त्यांना खडान्खडा माहिती. फक्त एक खोड होती. कुणी प्रश्न विचारला की ते अंगाचं वेटोळं करून चेंडू व्हायचे. मग वाट बघत बसायचं. तुम्ही मला मधेमधे प्रश्न विचारता ना, तसं भाऊसाहेबांना विचारून दाखवा.

गेनूनं शहाणपण केलं. त्यानं प्रश्न विचारला नाही. तो नुसता म्हणाला, "भाऊसाहेब, मला पर्मनंट व्हायचंय."

भाऊसाहेब खूश झाले. नियम असा होता, त्यांनी सांगितलं, की रस्त्याची नोकरी ही अंगमेहनतीची नोकरी. तेव्हा उमेदवार धडधाकट आहे याची खात्याला आधी खात्री पाहिजे. जड दगड उचलता आला पाहिजे, उन्हात उभं राहता आलं पाहिजे आणि झाडावर चढता आलं पाहिजे.

गेनूला पहिल्या दोन गोष्टी समजल्या. तिसरीपाशी तो अडखळला. रानडुक्कर झाडावर कशाला चढेल, असं त्याच्या तोंडून निघून गेलं आणि तो प्रश्न निघाला. भाऊसाहेबांचा चेंडू झाला.

ते उलगडल्यावर खुलासा झाला तो असा. खात्याचे नियम शेजारच्या जंगलातून आणले होते. तिकडे रस्त्यावर वानरं कामाला होती. नियम आणताना वानरं आणायची राहिली. आता नियम बदलायचा तर पुन्हा शेजारच्या जंगलात जावं लागेल, आणि तिकडे जायचा रस्ता कुणी दुरुस्त केलेला नाही.

गेनू म्हणाला, मी रोजच तर दगड उचलतो, रोजच उन्हात असतो, कुणीही बघावं. भाऊसाहेबांनी त्याला समजावलं की ते काम झालं, ही चाचणी आहे. दोन्हींत गल्लत करायची नाही.

चाचणीसाठी सपाट जागा हवी होती. जंगलात सपाट जागा एकच, तळ्याचा रस्ता. गेनूनंच तो सपाट केला होता. म्हणून चाचणी रस्त्यावर ठरली. खालच्या घळीतून दगड उचलायचे आणि वर रस्त्यावर आणून रचायचे.

गेनू जरा घुटमळला. हे दगड त्यानंच वर्षानुवर्षं रस्त्यावरून घळीत ढकलले होते. एकेकाला तो ओळखत होता. पण सकवारचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यानं पहिला धोंडा उचलला.

दुसरा उमेदवार एक ससा होता. त्याला लांडग्यानं पाठवलं होतं, म्हणजे वशिला भक्कम. सशानं एक खडा आणून ठेवला. भाऊसाहेब म्हणाले, खडा हाही जातीनं दगडच, पण गेनूच्या ढिगाकडे पाहून ससा स्वतःच म्हणाला की मला घरी काम आहे.

गेनू दुपारपर्यंत दगड वाहत होता. रस्त्यावर गव्याच्या पाठीएवढी भिंत उभी राहिली. लोक तळ्यावर जायला निघालेले, ते अलीकडेच थांबले. कुणी टाळ्याही वाजवल्या. कुणी विचारलं की आता आम्ही जायचं कुठून, तेव्हा भाऊसाहेबांचा चेंडू झाला.

झाडाचा प्रश्न आपोआप सुटला. आदल्या रात्रीच्या वादळात एक ऐन उन्मळून रस्त्यावर आडवा पडला होता. एरवी गेनूनं तो सकाळीच बाजूला केला असता. पण चाचणी आहे म्हणून कामाला सुट्टी होती. गेनू त्या आडव्या ऐनावर चढला, या टोकाकडून त्या टोकाला गेला आणि उतरला. नियमात झाड उभं असावं असं म्हटलेलं नव्हतं. वानरांच्या जंगलात ते सांगायची कुणाला गरजच पडली नव्हती.

उरली उन्हाची चाचणी. ती बघायला स्वतः मोरसाहेब हजर राहणार होते. साहेबांना ऊन चालत नाही, म्हणून ती वडाखाली घेतली.

"इथे ऊन आहे असं समज," साहेब म्हणाले, "आणि घाम काढ."

आता डुकराला घाम येत नाही, बाळांनो. येत असता तर तो चिखलात कशाला लोळला असता? गेनू उभा राहिला. सावली छान होती, वारा येत होता. भाऊसाहेब त्याच्या कपाळाकडे टक लावून बघत होते. कपाळ कोरडं ठणठणीत. साहेबांनी मान वळवली. गेनूच्या मनात आलं, गेलं सगळं. सकवार आता कुणा पर्मनंटच्या घरी जाणार. त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं आणि नाकाच्या शेंड्यावरून खाली टपकलं.

भाऊसाहेबांनी ते चाखून पाहिलं. खारट होतं. गेनू पास झाला.

लगेच हुकूम निघाला. गेनू पर्मनंट. हैबतरावांनी ही बातमी ऐकली आणि निरोप धाडला की आता मामा म्हणायला हरकत नाही. लग्नाची तिथी धरली. सकवार आणि गेनू वळणावर भेटले. भेटले म्हणजे मधे दगडांचा ढीग होता, त्यामुळे दोघं एकमेकांना दिसले नाहीत, पण बोललेलं ऐकू आलं. ती म्हणाली, आता हे दगड काढ. तो म्हणाला, उद्या पहिलं तेच काम.

दुसऱ्या दिवशी गेनू कामावर हजर झाला तर भाऊसाहेबांनी त्याला अडवलं. हुकुमाचा खालचा भाग त्यानं ऐकलाच नव्हता. त्यात म्हटलं होतं की या कर्मचाऱ्याची ताकद खात्यानं तपासून, खात्री करून घेतली आहे. सबब ती ताकद आता सरकारी मालमत्ता आहे. ती रस्त्यावर वापरली तर झिजेल. कर्मचाऱ्यानं यापुढे जड काही उचलू नये, उन्हात जाऊ नये.

मग काम काय? ते तयारच होतं. वडाखाली वारा फार असायचा आणि कारभाराची पानं उडायची. गेनू वजनानं चांगला होता. त्याला पानांवर बसवलं.

आणि रस्त्यावरचे दगड? ते चाचणीचा पुरावा होते. वरच्या कचेरीतून तपासनीस येऊन बघून जाईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नव्हता. आडवा ऐनही पुराव्यातच गेला. तपासनीस म्हणजे एक म्हातारं कासव होतं आणि ते निघालं आहे, असं समजलं होतं.

गेनू पानांवर बसून राहिला. पहिले काही दिवस बरं वाटलं. पाठीची आग थांबली, खुरांच्या भेगा बुजल्या. मग त्याला रस्त्याची स्वप्नं पडायला लागली. झोपेत तो नाक उडवायचा आणि खालची पानं विस्कटायची. भाऊसाहेब त्याला समज द्यायचे.

इकडे उन्हाळा चढला. तळ्यावर जाणारे सगळे ढिगावरून चढून जाऊ लागले. भेकराचा पाय मुरगळला. साळिंदर घसरलं ते मागच्या तिघांच्या अंगावर. लहान पिलांना आया पाठीवर घेऊन चढायच्या आणि उतरताना पुन्हा तहान लागायची. वाट-दुरुस्ती खात्याकडे तक्रार गेली. मोरसाहेबांनी ती मनावर घेतली आणि जाहीर केलं की प्रजेला घरबसल्या व्यायाम देणारं हे पहिलंच खातं आहे.

लग्नाचा दिवस उजाडला.

मांडव वरच्या अंगाला, वडापासून जवळच होता. हैबतराव वऱ्हाड घेऊन ओहोळातून निघाले. मुंडावळ्या, हळद, सगळं यथासांग. वऱ्हाड रस्त्यानं नाचत नाचत आलं आणि ढिगापाशी येऊन थांबलं. सकवारची आत्या चढायला गेली आणि दाणकन घसरली. आत्याचा आकार बघता पुन्हा प्रयत्न करायला कुणी सुचवलं नाही.

गेनू ढिगाच्या वरच्या अंगाला नवरदेव होऊन उभा. मुहूर्त जवळ आलेला. तो धावत वडाखाली गेला आणि घटकाभर दगड हलवायची परवानगी मागितली. मोरसाहेबांनी विचार केला. सरकारी ताकद खासगी लग्नासाठी वापरायची, हे बसत नव्हतं. एक जरी दगड उचललास, ते म्हणाले, तर तू पर्मनंट राहणार नाहीस.

गेनू परत ढिगापाशी आला.

"सकवार," तो दगडांपलीकडे बघत म्हणाला, "उचलले तर मी पर्मनंट राहत नाही. नाही उचलले तर तू येत नाहीस."

"मग उचल की."

"हात लावू नका, जावईबापू," पलीकडून हैबतराव ओरडले. "पोरीचं लग्न काय, आज नाही तर पुढच्या तिथीला होईल. नोकरी गेली तर पुन्हा येते का?"

गेनूनं नाक पुढे केलं. मागे घेतलं. पुन्हा पुढे केलं. पर्मनंट राहिला तर सकवार मिळत होती, पण सकवार मिळवायची तर पर्मनंट राहता येत नव्हतं. असा विचार करायची त्याला सवय नव्हती. त्यानं डोळे मिटले आणि तो तसाच उभा राहिला. मला त्याची कीव येते, खरंच येते. चांगला धडधाकट गडी होता.

सकवारनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं मुंडावळ्या कानामागे सारल्या आणि पहिल्या धोंड्याखाली नाक घातलं.

ऊन डोक्यावर होतं. धोंडे भाजत होते. ती एकेक दगड घळीत लोटत राहिली. आत्या म्हणाली, नवरीनं असं करू नये. सकवार म्हणाली, मग नवऱ्यानं करावं. हळद उतरली, वर माती बसली. ऐनाच्या खालची जमीन तिनं अशी उकरली की ऐन आपोआप लवंडून घळीत गेला. मुहूर्त केव्हाच टळला होता. पण रस्ता मोकळा झाला आणि तहानलेले प्राणी दोन्ही बाजूंनी जय म्हणत धावले.

सकवार धापा टाकत गेनूपाशी आली. "चल," ती म्हणाली.

चल कुठे? तेवढ्यात खातं आलं. ढग आले होते, म्हणून मोरसाहेब स्वतः आले. त्यांच्या मागे भाऊसाहेब. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा रस्ता पाहिला, आणि तो मोकळा पाहून त्यांना धक्का बसला. पुरावा नाहीसा झाला होता. दगड नाहीत म्हणजे गेनूनं दगड उचलल्याची खूण नाही. खूण नाही म्हणजे चाचणी नाही. गेनू तिथल्या तिथे पुन्हा रोजंदारीवर आला.

हैबतरावांनी कपाळावर खूर मारून घेतलं.

शिवाय सरकारी पुरावा घळीत लोटला हा गुन्हाच होता. सकवारला जंगलाबाहेर काढायचं आणि नवरदेव म्हणून गेनूलाही सोबत घालवायचं, असं साहेब म्हणाले. गेनू काकुळतीला आला. त्याला दुसरं काही येत नव्हतं, हा रस्ता सोडून.

तेव्हा खवले भाऊसाहेब पुढे झाले. कुणी काही विचारलेलं नसल्यामुळे ते मोकळेपणानं बोलू शकले.

"साहेब, दगड इथून उचलून तिथे ठेवलेले दिसतात. भर उन्हात. झाडाचंही काम झालंय. याला गुन्हा म्हणायचं की चाचणी?"

साहेबांनी मान डोलावली. गुन्हा म्हटला तर चौकशीसाठी पुन्हा इथे यावं लागणार होतं, आणि ढग कायम राहतीलच असं नव्हतं. त्यांनी सकवारला विचारलं. तिला नोकरी नको होती, लग्न हवं होतं. पण नाही म्हटलं तर गेनू जंगलातून जाणार होता. तिनं गेनूकडे पाहिलं आणि हो म्हणाली.

सकवार पर्मनंट झाली.

गेनूला भरून आलं. तो हैबतरावांच्या पाया पडायला वाकला. म्हणाला, मामा, पुढची तिथी कधीची धरायची?

हैबतराव दोन पावलं मागे सरले. त्यांनी आयाळ झटकली.

"मामा कुणाला म्हणतोस? माझी मुलगी पर्मनंट आहे."

आता सकवार वडाखाली पानांवर बसते. तिला उन्हात जायला बंदी आहे. गेनू रस्त्यावर असतो. सकाळी दरड लोटतो, दुपारी मुळं उपटतो, संध्याकाळी सागाच्या बुंध्याला अंग घासतो. अधूनमधून काम सोडून तो वडाच्या दिशेनं बघतो. तिकडून ती बघत असते. त्या दोघांमधला रस्ता अगदी मऊ आहे. त्यावरून सगळे जातात, हे दोघं सोडून.

तात्पर्य: बाळांनो, अंगात ताकद असेल तर ती एकदाच दाखवावी आणि साहेबांसमोर दाखवावी. रोज दाखवली तर तिला नुसतं काम म्हणतात.